काही घरांत तारा चढतात

पियानो गेल्यावर कोणाला काय मिळणार, हे त्या घरात केव्हाच ठरून गेलं होतं. सगळ्यांत मोठा वाटा आईचा. तिला खिडकी मिळणार होती. घरात रुंद म्हणावी अशी खिडकी एकच, आणि ते काळं धूड वर्षानुवर्षं तिलाच पाठ लावून उभं होतं. खिडकीमागोमाग आईची रोजची झाडपूस वाचणार होती. आणि मुख्य म्हणजे तिची नणंद घराबाहेर जाणार होती. नणंद तशी जगातूनच गेली होती, त्यालाही बरेच दिवस झाले होते. पण पियानो नणंदेचा, आणि तो खोलीत उभा होता तोवर बाई गेल्या असं आईला काही मनापासून वाटत नव्हतं.

त्याखालोखाल लेकीचा वाटा. लेक पडदे शिवायची. घराघरांतले, दवाखान्यांतले, हॉटेलातले पडदे तिने शिवले होते, आणि आता पहिल्यांदा एका नव्या सभागृहाचं काम हाताशी आलं होतं. खिडक्यांचे पडदे तर होतेच, शिवाय रंगमंचाचा मोठा पडदा होता, गडद लाल मखमलीचा. एवढी मखमल कापायला लांब टेबल हवं, टेबलाला जागा हवी, आणि जागेवर पियानो होता. व्यवस्थापकांनी तारीख दिली होती. ती टळली तर रंगमंचाचा पडदा दुसरीकडे जाईल, हेही गोड शब्दांत सांगून ठेवलं होतं. मखमलीचे तागे भिंतीला टेकून उभे राहिले होते, बोलावलेले पाहुणे जागा मिळेपर्यंत ताटकळावेत तसे.

पियानोला यातून काय मिळणार, हे कोणी विचारलं नव्हतं.

पण वस्तू विकण्यापेक्षा फुकट देणं अवघड असतं, हे त्या मायलेकींना लवकरच कळलं. ‘पियानो विनामूल्य न्यावा’ अशी पाटी लेकीने खाली वाण्याच्या दुकानात लावली, आणि माणसं येऊ लागली. येणारा प्रत्येक जण झाकण उघडायचा, एक पट्टी दाबायचा, डोळे मिटायचा, आणि अशी वस्तू आता होत नाही म्हणून सांगायचा. मग जिन्याचं वळण पाहायचा आणि चहा पिऊन जायचा. पियानो आला होता तो खिडकीतून, दोरांवर चढवून; तेव्हा समोर मोकळं मैदान होतं. आता समोर इमारत होती आणि खाली दुकानांची पत्र्याची छपरं. जिन्याच्या वळणावर साधं कपाट अडायचं. प्रत्येकाला पियानो हवा असलेला कोणीतरी माहीत होता. तो कोणीतरी मात्र कधी आला नाही.

त्या दिवशी पडदेवाली स्टुलावर उभी होती. सभागृहाच्या एका खिडकीचा नमुन्याचा पडदा तिने दांडीवर चढवला होता आणि त्याच्या चुण्या पडतात कशा ते पाहत होती. ओठांत टाचण्या. दार उघडंच होतं. दारात एक माणूस येऊन उभा राहिला आणि “येऊ का?” म्हणाला.

सभागृहातून कोणीतरी नमुना बघायला यायचं होतं. तिने मानेने या म्हटलं, आणि पडद्याचं खालचं टोक धरा, अशी खूण केली. त्याने हातातली पिशवी ठेवली आणि धरलं. तिने बोटाने वर दाखवलं, त्याने वर केलं. डावीकडे, तो डावीकडे सरला. थोडं ढिलं... नाही, इतकं नाही... हं. माणूस उंच होता आणि हात हलत नव्हता. पडदेवालीला यापलीकडे माणसात बघण्यासारखं फारसं काही नसतं. तरी तिने दोन वेळा खाली पाहिलं. दुसऱ्या वेळी कारण नव्हतं.

शेवटची टाचणी कापडात गेल्यावर तिला वाचा फुटली.

“साहेबांना सांगा, डावीकडे झोळ येतोय तो कापडाचा आहे. माझा नाही.”

“सांगतो,” तो म्हणाला. “कुठले साहेब?”

“तुम्ही सभागृहातून आलात ना?”

“मी पियानो मोडायला आलोय.”

ती स्टुलावरच राहिली. “मग इतका वेळ बोलला का नाहीत?”

“तुमच्या तोंडात टाचण्या होत्या. म्हटलं, दचकून गिळाल.”

आतून आईने कोण आलंय म्हणून विचारलं. लेकीला दुसरं काही सुचलं नाही, तिने “पियानो मोडणारे” असं सांगितलं. आईने ते आडनाव समजून घेतलं की मुद्दाम आडनाव करून टाकलं, हे तिचं तिलाच ठाऊक. पण त्या दिवसापासून तो त्या घरात ‘मोडणारे’ झाला. मोडणारे, हात धुऊन घ्या. मोडणारे, साखर पुरे का. त्यानेही कधी हरकत घेतली नाही.

तो जुनी वाद्यं दुरुस्त करणाऱ्या एका कारखान्यात कामाला होता. कारखाना म्हणजे मालक, तो, आणि भरपूर भुसा. मालकाने सगळं बिऱ्हाड दूर समुद्रकाठच्या एका गावी हलवायचं ठरवलं होतं. तिथल्या संगीतशाळेकडे नेमका याच बनावटीचा एक पियानो होता आणि त्याच्या आतली बिडाची, ओतीव लोखंडाची चौकट तडकली होती. या पियानोची चौकट अखंड निघाली तर त्याला बसेल. लाकूडकाम सुटं करून खाली जाईल, नुसती चौकट उभी-आडवी करत चौघं जण वळणावरून काढतील. एवढं झालं की इथलं काम संपलं, मग तोही मालकाबरोबर जाणार.

हे शेवटचं वाक्य त्याने सहज सांगितलं, तिने सहज ऐकलं. इथवर कोणाचंच काही नुकसान झालेलं नव्हतं.

कारखान्यातली बांधाबांध उरकून तो दुपार कलल्यावर यायचा. आधी झाकण उतरलं, मग पुढची फळी, मग हातोड्यांची ती लांबलचक रांग, नमद्याची, दाबलेल्या लोकरीची टोकं लावलेली, शाळेत ओळीने बसवलेल्या मुलांसारखी. ती त्याच खोलीत मशीनवर बसायची. पडदेवाली फार बोलायची नाही, मोडणारे तर त्याहून कमी. पण न बोलणाऱ्या दोन माणसांनी एका खोलीत काम करावं आणि कोणाला अवघडल्यासारखं होऊ नये, हे रोज घडत नसतं. तिच्या मशीनचा आवाज थांबला की त्याचा पान्हा थांबायचा. मग दोघंही घाईने पुन्हा सुरू करायची.

एका दुपारी त्याने पट्ट्या काढल्या. खाली कितीएक वर्षांची धूळ, पेन्सिलींचे तुकडे, एक बटण, नणंदेकडे शिकायला येणाऱ्या मुलांनी सरकवलेली कागदाची होडी... आणि कानातली एक कुडी, पांढऱ्या खड्याची. आई चहा घेऊन आली होती. कप तिने खालीच ठेवला.

आईची ती कुडी त्या घरातलं जुनं दुखणं होती. हरवली तेव्हा आईने कोणाचं नाव घेतलं नव्हतं. फक्त त्यानंतर नणंदेशी कामापुरतं बोलायला सुरुवात केली होती, आणि काम फारसं पडत नसे.

“झाडताना पडली असेल,” आई म्हणाली.

“झाडताना झाकण उघडावं लागत नाही,” मोडणारे म्हणाला. खोचकपणे नव्हे, कारागीर सांगतो तसं. “पट्ट्यांवर वाकून बसलं तरच इथे पडते.”

आई लाल झाली. एवढ्या वयाची बाई लाजलेली लेकीने प्रथमच पाहिली. घरात कोणी नसताना एकदा... म्हणजे एकदोनदा... बघू तरी काय एवढं असतं त्यात, म्हणून बसले होते, असं आई कुडी पदराने पुसत पुटपुटली आणि आत गेली. नणंदेला विचारलं असतं तर तिने शिकवलं असतं का, हा प्रश्न तिच्या मागोमाग स्वयंपाकघरात गेला, आणि बराच वेळ आतून भांड्याचा आवाज आला नाही.

“मी बोलायला नको होतं का?” त्याने हळूच विचारलं.

“नाही, बरं झालं,” ती म्हणाली. “तिला भांडायला माणूस उरलं नव्हतं. आता स्वतःशी भांडेल.”

मग तारांची पाळी आली.

तारा अशा एकदम काढता येत नाहीत, त्याने समजावलं. सगळ्या मिळून चौकटीला इतक्या जोराने ओढत असतात की एका बाजूच्या सोडल्या आणि दुसऱ्या बाजूच्या तशाच राहिल्या तर बीड तडकतं. म्हणून तारा गुंडाळलेल्या सगळ्या खुंट्या थोड्या थोड्या पिळायच्या, डावीकडून उजवीकडे. मग पियानोला विसावू द्यायचं. दुसऱ्या दिवशी पुन्हा थोड्या. त्यासाठी त्याच्याकडे एक चावी होती, लाकडी मुठीची, हाताच्या घामाने काळी झालेली. ती खुंटीवर बसवून तो जरासा पीळ द्यायचा आणि तार खाली यायची... दमलेल्या माणसाने बसताना सुस्कारा सोडावा तशी.

“आज एवढंच,” तो म्हणायचा. “उद्या पुन्हा.”

ते ‘उद्या पुन्हा’ तिला आवडायला लागलं, हे तिच्या उशिरा लक्षात आलं. जिन्यात पावलं वाजली की कोणाची ते ती बघत नसे. तो वळणावर एक क्षण थांबायचा, तो क्षण तिला पाठ झाला होता. तो गेल्यावर खोलीत तेलाचा आणि नमद्याचा वास मागे राहायचा, आणि मशीनवर बसून ती उगाच तीच शिवण उसवून पुन्हा घालायची. तारा रोज उतरत होत्या. पूर्ण उतरल्या की चौकट निघणार, चौकट निघाली की टेबल येणार, मखमल कापली जाणार, सभागृहाचं काम हातून जाणार नाही. जे हवं होतं ते सगळं होणार होतं. हिशेबात कुठे चूक नव्हती. फक्त हिशेबाच्या शेवटी एक रिकामी खोली येत होती, आणि तिच्यात टेबल होतं.

चावी तो खुंट्यांच्या कडेलाच ठेवून जायचा. एका संध्याकाळी तिने ती उचलली. आधी फक्त मूठ धरून पाहिली; त्याचा हात जिथे असायचा तिथे लाकूड गुळगुळीत झालं होतं. मग चावी खुंटीवर बसवली. मग... स्वतःशीही नीट कबूल न करता... तिने ती उलट्या बाजूने पिळली. खुंटी कुरकुरली, अडली, आणि तार चढली.

दुसऱ्या दिवशी त्याने चावी लावली आणि थांबला. बोटाने तार छेडली. मग शेजारची. मग तिच्याकडे पाहिलं. ती सुईत दोरा ओवत होती, आणि दोरा काही केल्या जात नव्हता.

“चढल्यात,” तो म्हणाला.

“हवा असेल,” ती म्हणाली. “हवेने चढतात का हो तारा?”

तो विचारात पडल्यासारखा उभा राहिला. “सगळीकडे नाही,” तो म्हणाला. “काही घरांत चढतात.”

“मग आता?”

“आता काय. पुन्हा उतरवायच्या.”

दोरा ओवला गेला.

त्यानंतर ते रोजचंच झालं. दुपारी तो उतरवायचा, संध्याकाळी ती चढवायची. डावीकडच्या जाड तारांपुढे तिचं काही चालत नसे, त्यांच्या खुंट्या तिला दाद देत नव्हत्या. म्हणून ती सगळी कसर उजवीकडच्या बारीक तारांवर काढायची. तो काही विचारत नसे. फक्त एकदा म्हणाला, की या बाजूची हवा जरा जास्तच जोरात दिसते. ती म्हणाली, खिडकीची फट आहे ना त्या बाजूला. आई मधून डोकावून जायची. या पियानोला यायला लागला नसेल इतका वेळ जायला लागतोय, असं ती भिंतीला सांगायची. पण साखर विचारायचं तिने बंद केलं होतं. मोडणाऱ्यांच्या कपात किती घालायची ते तिला माहीत झालं होतं.

सभागृहातून निरोप आला. पडदेवालीने होतंय म्हणून सांगितलं. मखमलीच्या ताग्यांवर धूळ बसू लागली होती. ती त्यांच्याकडे बघायचं टाळायची.

“पियानो गेला की इथे काय ठेवणार?” एका दुपारी त्याने पाठमोऱ्यानेच विचारलं.

“टेबल.”

“लांब?”

“लांब.”

“मग दुसऱ्या टोकाला कापड धरायला माणूस लागत असेल.”

“लागेल,” ती म्हणाली. “मखमल जड असते.”

“मिळतो का असा कोणी?”

मशीन थांबलं. “मिळाला होता एकदा... हात चांगला स्थिर होता. पण तो गाव सोडून चाललाय.”

चावी खुंटीवर होती, हात चावीवर होता, आणि कितीतरी वेळ तार ना चढली ना उतरली. मग तो म्हणाला, आज एवढंच. उद्या पुन्हा, हे म्हणायचं विसरला. ती संध्याकाळभर ते न आलेलं वाक्य ऐकत बसली, आणि रोजच्यापेक्षा जास्त पिळलं.

दुसऱ्या दिवशी जिन्यात पावलं वाजली ती दोघांची होती. वळणावर कोणी थांबलं नाही. मालक स्वतः आला होता. रुंद, घाईतला, धापा टाकणारा माणूस. गाडी ठरली होती, सामान भरून झालं होतं, अडलं होतं ते या चौकटीपाशी. त्याने उघड्या पियानोकडे पाहिलं, मग आपल्या माणसाकडे पाहिलं.

“दोन दिवसांचं काम,” तो म्हणाला. “फार तर तीन. काय करत होतास रे इथे?”

मोडणारे हातातला पान्हा पुसत राहिला.

पडदेवालीच्या ओठांत टाचण्या होत्या. दोन दिवसांचं? मग ते विसावू देणं... आज एवढंच... उद्या पुन्हा... तिने चावीला हात लावायच्या आधीपासून, पहिल्या दुपारपासून तो वेळ काढत होता. आपण एकटीच लबाडी करतोय म्हणून ती इतके दिवस आतल्या आत कानकोंडी होत होती, आणि हा तिच्याही पुढे होता. आनंद व्हायला ती वेळ अगदी चुकीची होती. तरी झाला.

तेवढ्यात मालकाने चावी घेतली होती. डावीकडच्या जाड तारांपासून त्याने सुरुवात केली, आणि तीही जरा जरा नव्हे, सरळ मोकळ्या करत.

“मालक, थांबा,” मोडणारे पुढे झाला. “उजवीकडच्या अजून—”

मालक कोणाचं ऐकून थांबणाऱ्यांतला नव्हता. खोलीत एकदाच, जाड आणि कोरडा, असा आवाज झाला की आई स्वयंपाकघरातून धावत आली. बिडाच्या चौकटीवर वरपासून मधोमध एक काळी रेघ उतरली होती. उजवीकडच्या तारा कितीतरी वेळ गुणगुणत राहिल्या.

मालक ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. इतके दिवस गेले आणि हातात काय आलं, एवढंच त्याने थकून विचारलं. तिकडची शाळा वाट बघत होती. त्याने शब्द दिला होता.

“चूक माझी,” मोडणारे म्हणाला. “उजवीकडच्या उतरवायच्या राहिल्या माझ्या हातून.”

आता पडदेवालीने गप्प बसायचं होतं. गप्प बसण्यात सगळा फायदाच होता. नाव शाबूत राहत होतं, आईपुढे मान खाली घालावी लागत नव्हती, तोंडात टाचण्या असल्यामुळे न बोलण्याला कारणही तयार होतं. तिने एकेक टाचणी ओठांतून काढली आणि बाहीला टोचून ठेवली. सगळे बघत होते. घाई करता येत नव्हती.

“त्यांनी उतरवल्या होत्या,” ती म्हणाली. “मी पुन्हा चढवल्या.”

“तुम्ही?” मालक म्हणाला. “कधी?”

“रोज.”

“अहो पण कशासाठी?”

मोडणारे आता तिच्याकडे बघत होता. इतके दिवस पान्ह्याआडून, चावीआडून, मान वळवून पाहिलेलं सगळं तो एकदम आणि सरळ बघत होता. तिने कोणाकडेच न बघता सांगितलं.

“काम संपू नये म्हणून.”

“कुठलं काम?” मालकाने विचारलं.

“तुम्ही साखर किती घेता?” आई मध्येच म्हणाली. आणि मालकाच्या उत्तराची वाटही न पाहता, दंडाला धरल्यासारखं बोलत बोलत, ती त्याला आत घेऊन गेली.

खोलीत दोघंच राहिली. बोलायला तेवढाच वेळ होता.

“दोन दिवसांचं होतं?” तिने विचारलं.

“दीड दिवसाचं,” तो म्हणाला. “मालक म्हातारे झालेत.”

ती हसली, आणि हसताना डोळे भरले. त्याला जाणं भाग होतं. चौकट फुटल्यावर तर जास्तच. मालकाने दिलेला शब्द आता त्याच्या गळ्यात पडला होता, दुसरी चौकट कुठून तरी शोधून तो पियानो उभा करून द्यायचा होता. लाकूडकाम खाली गेलं. तडकलेली चौकट मालकाला नको होती, ही धोंड आता तुमचीच, असं म्हणून त्याने चहा संपवला.

दारात मोडणारे थांबला. “काम अर्धं टाकून जातोय.”

“हो.”

“आमच्यात ते बरं समजत नाहीत.”

“मग?”

“आठवड्याला एक सुट्टी असते,” तो म्हणाला. पुढे काही म्हणणार होता, पण खालून हाक आली. चावी त्याने तिच्या हातात ठेवली. “हिचं आता काही काम नाही.”

“असू दे,” ती म्हणाली.

पहिल्या आठवड्याला तो आला नाही. दुसऱ्याही नाही. तिला कारणं माहीत होती. गाव लांब होतं, काम नवीन होतं, शब्द दिलेला होता. माहीत असलेल्या कारणांचा वाट बघताना काडीइतका उपयोग होत नाही. जिन्यात पावलं वाजत, वळणावर न थांबता पुढे जात.

टेबल आलं नाही, कारण चौकट खिडकीपाशी तशीच टेकून उभी होती. पण तिच्यामागचं लाकूड आता गेलं होतं. दुपारी ऊन तारांमधून आत यायचं आणि फरशीवर बारीक सावल्यांच्या रेघा पडायच्या. त्या रेघांमध्ये गुडघे टेकून पडदेवालीने सभागृहाच्या खिडक्यांचे पडदे कापले. खिडक्यांचेच, तारीख टळली होती आणि रंगमंचाचा पडदा दुसरीकडे गेला होता. लाल मखमलीचे तागे दोन माणसं येऊन घेऊन गेली. तिने तक्रार केली नाही, वाईट मात्र भरपूर वाटलं. रस्त्यावरून एखादी जड गाडी गेली की चौकटीतल्या उजवीकडच्या तारा आपोआप गुणगुणायच्या. त्या अजून ताणलेल्या होत्या. चावी खिळ्यावर टांगलेली होती. तिने एकही उतरवली नाही.

मग भंगारवाला आला. खाली कोणीतरी त्याला सांगितलं होतं. त्याने चौकट पाहिली, ठोकून पाहिली, आणि आत्ता दोन माणसं आणतो, घण घालतो, संध्याकाळच्या आत खिडकी मोकळी, असं म्हणाला. पडदेवालीने आईकडे पाहिलं. ज्या दिवसासाठी आई इतकी वर्षं झुरत होती, तो दिवस दारात येऊन उभा होता.

आईने कानातली कुडी चाचपली. अलीकडे ती दोन्ही घालत असे.

“नको,” ती म्हणाली. “आमचे मोडणारे यायचेत.”

आणि ते आले. पुढल्याच सुट्टीला वळणावर पावलं थांबली. पडदेवालीने मशीन चालूच ठेवलं, शिवण कापडाबाहेर गेली तरी. तिकडचा पियानो उभा राहिला, त्याने सांगितलं, दुसरी चौकट मिळाली, दिलेला शब्द फिटला. आता इथलं राहिलेलं काम. घण घालायचा नाही, खालच्यांचं प्लास्टर पडेल. उरलेल्या तारा उतरवून करवतीने कापावं लागेल.

“किती दिवस लागतील?” आईने विचारलं.

“सांगता येत नाही,” तो म्हणाला. “बीड आहे.”

आई उठली. चहात साखर घालायला गेली.

तो दर सुट्टीला यायचा. रात्रभराच्या प्रवासाने डोळे लाल असायचे, दुपारभर करवत चालायची, आणि हातभर लांबीचा एक तुकडा पिशवीत घालून तो परत जायचा. मधले सगळे दिवस पडदेवाली उरलेल्या चौकटीकडे बघायची. आता ती उतरत्या तारा ऐकत नव्हती, घटतं लोखंड बघत होती. पण चढवता येतील अशा खुंट्या आता नव्हत्या. दिवस आखूड झाले, पुन्हा लांब झाले. खिडकीतून येणारा उजेड दर आठवड्याला थोडा वाढत गेला, आणि तिला त्याचाच राग येऊ लागला.

शेवटी एकच तुकडा राहिला, कोपऱ्यातला, पिशवीत सहज मावेल एवढा. तो आला तेव्हा ती स्टुलावर उभी होती. कोणाच्या तरी घरचा मोठा पडदा दांडीवर होता, आणि ओठांत टाचण्या. त्याने तुकडा उचलला, पिशवीत ठेवला, आणि पिशवी हातात धरून उभा राहिला.

“हा शेवटचा,” तो म्हणाला. “आता पुढच्या सुट्टीला कशासाठी येऊ?”

तिला बोलता येत नव्हतं. म्हणजे टाचण्या काढल्या असत्या तर आलं असतं. तिने वाकून पडद्याचं खालचं टोक उचललं आणि त्याच्यापुढे धरलं.

त्याने पिशवी खाली ठेवली. आत लोखंड फरशीवर वाजलं. मग त्याने टोक धरलं, आणि पहिल्या दिवशीसारखंच, पण आता खुणेची वाट न बघता वर केलं, डावीकडे सरला, जरा ढिलं सोडलं. हात हलत नव्हता. शेवटची टाचणी कापडात गेली आणि तरीही ती काही वेळ वरच राहिली.

“सरळ धर,” ती म्हणाली. “आता लक्ष दुसरीकडे गेलंय तुझं.”

“पहिल्या दिवशीही गेलं होतं,” तो म्हणाला. “तू तेव्हा काही बोलली नाहीस.”

आता खिडकीपाशी लांब टेबल आहे, एका टोकाला ती असते, दुसऱ्या टोकाला तो. तेव्हा कोणी किती भरलं, ते बघायला हरकत नाही. मालकाची एक चौकट गेली, आणि पुढे चौकटीमागोमाग माणूसही गेला. मोडणाऱ्यांच्या सगळ्या सुट्ट्या गेल्या. पडदेवालीचा रंगमंचाचा पडदा गेला. त्या सभागृहात ती अजून पाऊल ठेवत नाही. पियानो तर बिचारा सगळाच गेला, तुकड्या-तुकड्यांनी. पण ज्या बाईचा सगळ्यांत मोठा वाटा ठरला होता, तिच्या पदरात हिशेब संपल्यावर काय पडलं? आधी पियानो होता, मग चौकट होती, आणि आता टेबल, आणि टेबलाला दोन माणसं. नणंदही पुरती गेलेली नाही. तिच्या पियानोची चावी खिळ्यावर आहे आणि ती आईच पुसते.

आईला खिडकी अजून मिळालेली नाही. विचारलं तर म्हणते, उजेड काय, स्वयंपाकघरातही येतो.